तळमजल्यावरची खोली

प्लास्टिकच्या तीन हजार एकशे बारा विटा, चौदा खिडक्या, दोन जिने आणि बोटाएवढी सात माणसं. चाळिशी उलटलेल्या धाकट्या भावाने चार महिने खपून टीव्हीवरच्या मालिकेतलं घर हुबेहूब उभं केलं होतं आणि खोलीच्या मधोमध टेबलावर मांडलं होतं. एवढा जीव त्याने कुठल्या जित्याजागत्या माणसाला लावल्याचं ताईला आठवत नव्हतं.

"ताई, ही आजोबांची खोली. मुद्दाम तळमजल्यावर आहे. म्हाताऱ्या माणसाला जिना नको ना."

"केवढी ती काळजी," ताई म्हणाली. "आणि आपल्या बाबांचं काय? खुबा मोडलाय, उद्या दवाखान्यातून सोडताहेत. माझ्याकडे तीन जिने चढायचे. तुझं घर तळमजल्यावर."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण तूच बघ, खाट टाकायला जागा आहे का इथे?"

ताईने पर्समधून टेप काढली. बाबांची खाट ती सकाळीच मोजून आली होती: सहा फूट दोन इंच लांब, तीन फूट रुंद.



टेबल भरलं सहा फूट चार इंच लांब, तीन फूट दोन इंच रुंद.