वीसपैकी वीस

इंदिरानगरच्या हॉलमध्ये क्विझ शोची ऑडिशन होती. उजमाची वीसपैकी वीस उत्तरं बरोबर आली, तरी कॅमेऱ्यामागची बाई खूश नव्हती.

"ताई, वडील टेलर होते, मागच्याच महिन्यात गेले, हे सांगताना थोडं रडा ना. त्याशिवाय वर कोणी निवडणार नाही."

अब्बा जुन्या पेपरांवर बाह्यांचे नमुने आखायचे आणि त्याच पेपरांतले प्रश्न तिला विचारायचे. उत्तर चुकून ती रडवेली झाली, की मशीन न थांबवता दोनच शब्द म्हणायचे.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. "माझे अब्बा..." म्हणताना उजमा रडवेली झाली. बाई आशेने पुढे सरकली.

उजमाने ओढणी सारखी केली आणि अब्बांच्याच आवाजात म्हणाली, "पुढचा प्रश्न!"