चेहरा स्पष्ट हवा

शिडी टेकवायला कॅमेरेवाला जास्वंदीमागे गेला आणि त्याची चप्पल पचकन् रुतली. खाली बघायची गरजच नव्हती. नाकाने सांगितलं.

"तेच ते!" मालक व्हरांड्यातून ओरडला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. "रोज सकाळी ताजं. आणि कुत्र्याचं नाही, माणसाचं आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"कुणावर संशय आहे का, साहेब?"

"संशय नकोय, पुरावा हवाय. चेहरा स्पष्ट आला पाहिजे. दादाला पाठवायचाय मला."

थोरल्या भावाचा यात काय संबंध, ते कॅमेरेवाल्याला कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही हा त्याचा नियम होता, आणि आज तर नाक खुपसावं अशी जागाही नव्हती. चप्पल गवतातच टाकून, घाणेरडा पाय वर धरून तो लंगडी घालत दारापर्यंत आला.

"वहिनी, जरा बाथरूममध्ये पाय धुतो."

"अहो, आत नको!" मालकाची बायको दारात आडवी उभी राहिली. "खालचं बाथरूम नवीन केलंय. महिन्यापूर्वी तुम्हीच नाही का त्याला नंबरचं कुलूप लावून दिलंत? मामंजींनासुद्धा तिथे जाऊ देत नाही आम्ही. दोनदा फरशी घाण केली त्यांनी. ते वर जातात. तुम्ही बागेतल्या नळावर धुवा."

वर म्हणजे बावीस उभ्या पायऱ्या. वायफायचा डबा वरच होता, आणि सकाळपासून तीनदा चढउतार करून कॅमेरेवाल्याच्याच पोटऱ्या भरून आल्या होत्या.

बागेतल्या नळाला पाणी नव्हतं. तशाच पायाने तो शिडीवर चढला. भिंतीवर कॅमेरा बसवला, वायफायला जोडला, जास्वंदीच्या दिशेने वळवला. कॅमेरा लावला की समोरून एक माणूस चालवून बघायचा आणि मालकाचा फोन वाजला तरच काम झालं म्हणायचं, ही त्याची पद्धत.

"साहेब, फोनकडे लक्ष ठेवा. मी समोरून चालतो."

तो उतरला, तर शिडीच्या पायथ्याशी मालकाचे वडील उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा मग. अर्धं पाणी वाटेतच सांडलेलं.

"पाय खराब झाला तुमचा," म्हातारा म्हणाला. "चूक झाली."

"तुमची कसली चूक, आजोबा?"

म्हाताऱ्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हे पहाटे अंधारातलंही बघतं का?"

"हो. दिवसासारखं."

"आणि त्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीमागचं?"

जास्वंदीमागे रोज कोण बसतं ते कॅमेरेवाल्याला आता कळलं. या वयात बावीस पायऱ्या, तेही घाईची वेळ आल्यावर. आणि खालचं कुलूप त्याच्याच हातचं.

तोवर काठी शिडीला टेकवून म्हातारा खाली वाकला होता. त्याने कॅमेरेवाल्याच्या पायावर पाणी ओतलं आणि बोटांच्या बेचक्यांतली घाण काढायला लागला.

"आजोबा, पायाला हात नका लावू. पाया पडतो तुमच्या!"

व्हरांड्यात फोन वाजला. मालकाने स्क्रीन बघितली आणि पहिल्यांदाच नाकावरचा रुमाल काढला.

"वा! बाबांचा चेहरा अगदी स्पष्ट येतोय. उद्या पहाटेही असाच आला की झालं. मग दादा त्यांना कसा घेऊन जात नाही तेच बघतो."

म्हणजे याला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं.

कॅमेरेवाल्याने म्हाताऱ्याला धरून उभं केलं, काठी हातात दिली. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मालकाच्या बायकोला ओलांडून, अर्धवट धुतलेल्या पायाने सरळ घरात शिरला. नंबर त्याला पाठ होता. पाच मिनिटांत कुलूप उतरवून त्याने तिच्या हातात ठेवलं.

"आजोबा," त्याने आतूनच हाक मारली, "खालचं दार उघडं आहे."

व्हरांड्यापासून बाथरूमपर्यंत पांढऱ्या फरशीवर एका पायाचे ठसे उमटले होते.

"शी! शी! काय ही घाण!" तिने नाक दाबलं.

"हो ना, वहिनी," तो म्हणाला. "मलापण मघापासून वास येतोय."