भागीरथीबाईंच्या वहीला उत्तर

भागीरथीबाईंची वही चाळिसाव्या पानावर थांबली होती. सासरी चोरून लिहिलेल्या त्या वहीत त्यांनी स्वप्नातलं एक गाव रचलं होतं. तिथे विधवा केस राखत, मुली वेधशाळा चालवत. शेवटची ओळ होती, "असें गांव होईल काय? होणार नसेल, तर लिहूं कशास?" पुढची पानं कोरी होती.

दीडशे वर्षांनी, ती वही जपणाऱ्या ग्रंथालयातल्या रेवती सोनटक्केला भूतकाळात पत्र पोचवणाऱ्या काळटपालाच्या यंत्रातून भागीरथीबाईंना एकच चिठ्ठी धाडायची परवानगी मिळाली.

"सगळं झालंय म्हणून लिही," ग्रंथपाल नानिवडेकर म्हणाले. "बिचारीला समाधान वाटेल."

"खोटं कसं लिहू, सर? निम्मंच झालंय."

तिने वहीतली शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग तिने लिहिलं, "बाई, मी एकटी राहते, केस माझ्या मर्जीने कापते. तुमच्या गावाच्या वेशीपर्यंत आम्ही आलोय. आत कसं यायचं, ते सांगा."

यंत्राच्या काचेआड चिठ्ठी धुक्यासारखी विरली. रेवतीने वही उघडली. एकेचाळिसाव्या पानावर जुन्या, तपकिरी झालेल्या शाईत लिहिलं होतं, "वेशींतून आंत येतांच उजव्या हाताला विहीर लागेल. ती सर्वांची आहे. आधीं पाणी प्या, मग पुढचें सांगतें."