ठिकाण सांगायचं नाही

कुवेतमध्ये नर्सची नोकरी करायला लागून प्रेमाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मुलगी चारुता इथेच जन्मली, पण इथलं नागरिकत्व काही मिळणार नव्हतं, म्हणून तिला युरोपात शिकायला पाठवलं. ती तिथलीच झाली. आईसारखीच नर्स, पण तिथल्या सैन्यात.

मग त्या देशाच्या एका मित्रदेशावर हल्ला झाला. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, असा त्यांचा करार होता. चारुताच्या तुकडीलाही निघावं लागलं. युद्ध पसरत कुवेतपर्यंत आलं, विमानतळ बंद झाला आणि प्रेमा नवऱ्यासह रुमैथियातल्या फ्लॅटमध्ये अडकली. आठवड्याने चारुताचा फोन आला.

"कुठे आहेस गं?"

"सांगता येत नाही, आई. ऑर्डर आहे. तू आणि बाबा कसे आहात?"

"अडकलोय झालं. तू इथून लांब आहेस, तेवढंच बरं वाटतं बघ."



तेवढ्यात बाहेर सायरन वाजू लागला. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून प्रेमाने घाईने खिडकी लावून घेतली. खोलीतला आवाज बारीक झाला.



फोनमधला मात्र तसाच मोठ्याने वाजत राहिला.