माळ्यावरचा बंब

माळ्यावर बंबाची जागा रिकामी होती. धुळीत एक गोल तेवढा उरला होता.

सत्यवतीबाई शिडी उतरल्या आणि शेवटच्या पायरीवरच बसल्या. पापडीला बहिणीकडे आठ दिवस काय गेल्या, तेवढ्यात बंब नाहीसा. तांब्याचा, सासऱ्यांच्या वेळचा, विहिरीच्या काठावर आपटून एका बाजूने चेपलेला. घरात गॅसचा गिझर आल्यापासून तो कुणी पेटवला नव्हता. तरी अलीकडे दिवाळीत घासायलासुद्धा त्या त्याला कुणाचा हात लागू देत नसत.

"धवल, बंब कुठे गेला?"

त्यांचा मुलगा चपला घालत होता. "असेल कुठेतरी. नेत्राला विचार."

विचारायची गरजच नव्हती. त्यांची ही डोंबिवलीची सून भंगारातून पुतळे करायची. नंदाखाल गावातल्या केळीच्या वाड्यांत असली सून कुणी पाहिली नव्हती. आगाशीच्या बाजारात बाकीच्या बायका भाजी निवडत, तेव्हा ही भंगारवाल्यापुढे बसून गंजके नळ आणि सायकलच्या चेनी निवडायची. वाडीतल्या जुन्या पंपाच्या खोलीत तिचा कारखाना होता. बंब तिने मागितला होता, एकदा नाही, दोनदा. सत्यवतीबाईंनी दोन्ही वेळा साफ नाही म्हटलं होतं.

कुंपणापलीकडे विनिता कपडे वाळत घालत होती. तिला सगळ्या आळीच्या बातम्या असत, आणि त्या पोटात ठेवल्या तर तिला अपचन होई.

"मुंबईला प्रदर्शन आहे म्हणे तिचं. उद्या सकाळी टेम्पो येणार पुतळा न्यायला," ती म्हणाली.

"उद्या?"

"उद्याच. आणि तुम्ही गेल्यापासून पंपाच्या खोलीला सारखं कुलूप. चोराच्या मनात चांदणं, वहिनी, दुसरं काय."

सत्यवतीबाईंनी पंपाच्या खोलीकडे पाहिलं.

"आधी ती कमळी, आता ही. तुमच्या घराच्या नशिबी चोरच लिहिलेत."

कमळी म्हणजे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं भांडी घासणारी. नव्या सुनेच्या हातात पहिल्या गौरींना घरच्या सोन्याच्या पाटल्या घालायच्या, अशी या घराची रीत. धवलच्या लग्नानंतर गौरी आल्या आणि आदल्याच दिवशी कपाटातून पाटल्या गेल्या. "मी नाय घेतल्या, वयनी," एवढंच कमळी म्हणत राहिली. सत्यवतीबाईंनी मोठ्या मनाने तिला पोलिसांत दिलं नाही, पण गावात नंतर तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बिचारी विरारच्या बिल्डिंगींमध्ये कामं शोधत फिरू लागली. नेत्राच्या हातात तेव्हापासून काचेच्याच बांगड्या होत्या. तिने कधी तक्रार केली नाही, हेही सत्यवतीबाईंना खटकायचं.

"मी येते तुमच्याबरोबर," विनिताने ओला टॉवेल बादलीत टाकला. "दोघी असलो की तिला नाकबूल करायची सोय नाही."

"नको. घरातली गोष्ट घरातच बरी."

एवढं होऊनही ही बाई सुनेची अब्रू झाकते, याचं विनिताला कौतुक वाटलं.

पंपाच्या खोलीचं कुलूप आज निघालेलं होतं. नेत्रा आत चहा गाळत होती. दोन पेले भरले होते. एक धवलचा असेल, असं सत्यवतीबाईंना वाटलं.

मग त्यांनी पुतळा पाहिला. गुडघे टेकून भांडी घासणारी बाई. पत्र्याची पाठ, तारांचे केस, चेहऱ्यावर तोंडाचं नुसतं पुसट वळण. दोन्ही हात कोपरांपर्यंत गोणपाटात गुंडाळलेले. आणि पोटाच्या जागी, चेपलेली बाजू पुढे करून, तांब्याचा बंब.

त्या तरातरा पुढे आल्या.

"हा माझा बंब आहे."

"हो, आई."

"न विचारता घेतलास."

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मग?"

"नाही का म्हणता, ते कळेना."

असं उलट उत्तर तिने आजवर दिलं नव्हतं. सत्यवतीबाईंनी आवाज आवरला. सून चोर ठरली तर गावभर होईल, आणि बंब उद्या टेम्पोत चढला तर कायमचा जाईल. दोन्ही टाळायला हवं होतं.

"कापलास का तो कुठे?"

"नाही. होता तसाच बसवलाय."

"आतून धुतलास?"

"कशाला धुवायचा? आतली काजळी मला हवीच आहे."

सत्यवतीबाईंना जरा हायसं वाटलं. त्या पुतळ्याजवळच्या स्टुलावर टेकल्या.

"मला पाणी दे गं. उन्हातून आले, घसा सुकलाय."

"विहिरीचं ताजं आणायला सांगते," म्हणून नेत्रा बाहेर गेली.

तिची पावलं लांब गेली. सत्यवतीबाई झटकन खाली बसल्या. बंबाच्या बुडाशी राख काढायचं तोंड असतं, ते पुतळ्याच्या मांडीशी आलं होतं. त्यांनी हात आत घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बोटांनी जाळीच्या कडा चाचपल्या, पुन्हा चाचपल्या. हात बाहेर आला तो नुसता काळा.

"त्या आता तिथे नाहीत, आई."

नेत्रा दारातच उभी होती. ती शांतपणे आत आली आणि तिने पुतळ्याच्या हातांवरचं गोणपाट सोडलं. सायकलच्या चेनींच्या मनगटांवर घरच्या दोन सोन्याच्या पाटल्या होत्या.

मागून कमळी पेला घेऊन आत आली.

"पानी घ्या, वयनी."