ईथर जातं कुठे?

"तीनशे ऐंशी," श्यामकांत सर म्हणाले. "काल सकाळी चारशे वीस होतं."

त्यांनी मोजपात्र खिडकीकडे धरून आकडा पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. ईथर बाटलीत परत ओतलं, बूच लावलं, कपाटाला कुलूप घातलं आणि वहीत सही केली. अंधेरीच्या त्या कॉलेजात केमिस्ट्री विभागाचे ते प्रमुख होते, आणि सोमवारपासून त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. ऑक्टोबरचा उकाडा चालू होता. त्या आठवड्यात एकाही प्रयोगाला ईथर लागणार नव्हतं. तरी रोज चाळीस मिलीलिटर जात होतं.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक सरांकडे, एक लॅब अटेंडंट अर्बनकडे. अर्बन मरोळ गावठाणातला, एकोणीस वर्षं नोकरी झालेला. त्याला कामावरून काढायचं पत्र टाइप होऊन तयार होतं. शनिवारी दुपारी प्रिन्सिपॉल सही करणार होते. फक्त पुरावा जोडायचा राहिला होता.

"अर्बन, खरं सांग. पितोस?"

"सर, मला सोडा पण चढतो."

"मग विकतोस."

"कोणाला, सर? आमच्या गावठाणात लोक घासलेटला रांग लावतात. ईथर कोण मागतो?"

सरांना हे उत्तर घरून तयार करून आणल्यासारखं वाटलं. खरं बोलणारा माणूस अडखळतो, असं त्यांचं मत होतं. अडखळणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

उडून जात असेल म्हणावं, तर शेजारीच ईथरची दुसरी बाटली होती. सीलबंद. तिची पातळी महिनाभर जागची हलली नव्हती.

"ईथर उडतं हे मला शिकवू नका," सर सगळ्यांना सांगत. "उडायचं असतं तर दोन्ही बाटल्यांतलं उडालं असतं. चोराला सील फोडायची हिंमत नाही, एवढंच."

मग ते जयंतीकडे वळले. जयंती जुलैत लागलेली डेमॉन्स्ट्रेटर.

"तू पोरांना रेट लॉ काढायला शिकवतेस ना? वेग कोणामुळे वाढतो, कोणामुळे नाही? मग ह्या चोरीचा काढ. शनिवारी सकाळी मला कागद पाहिजे."

जयंती मुलांना ॲसिटोन आणि आयोडीनचा प्रयोग देत असे. एका वेळी एकच गोष्ट दुप्पट करायची, बाकीच्या होत्या तशा ठेवायच्या. वेग दुप्पट झाला तर त्या पदार्थाची ऑर्डर एक. वेग ढिम्म राहिला तर शून्य. म्हणजे तो पदार्थ हजर आहे, पण वेग त्याच्या हातात नाही. आयोडीनची शून्य येते. रंग सगळ्यात गडद त्याचाच, म्हणून मुलं दरवर्षी पहिला संशय त्याच्यावरच घेतात.

तिने सरांची वही उघडली. सोमवारी अर्बन हजर, प्रॅक्टिकलला एक बॅच. चाळीस गेलं. मंगळवारी सरांनी अर्बनची किल्ली काढून घेऊन त्याला घरी पाठवलं होतं. तरी चाळीस. समासात सरांनी लिहिलं होतं: 'साथीदार आहे.' बुधवारी अर्बन परत आला, आणि एका बॅचच्या जागी दोन बॅच होत्या. चाळीसच.

गुरुवारी सरांनी पहारा वाढवला. ऐंशी गेलं.

शुक्रवारी सर डबा खायलासुद्धा स्टाफरूममध्ये गेले नाहीत. एकशे साठ गेलं.

शनिवारी सकाळी सरांनी मोजलं तेव्हा पाचशेतलं एकशे चाळीस उरलं होतं. टेबलावर अर्बनचं पत्र होतं. अर्बन दारात उभा होता.

"बोल," सर म्हणाले.

"अर्बनदादांची ऑर्डर शून्य, सर. ते होते तेव्हाही चाळीस, नव्हते तेव्हाही चाळीस."

"पोरं?"

"दुप्पट झाली, तरी चाळीस. शून्य."

"तू?"

"मी किल्ली लांबूनसुद्धा पाहिलेली नाही, सर."

"मग एक कोणाची?"

जयंतीने वही त्यांच्याकडे फिरवली. "तुमच्या सह्यांची. बुधवारपर्यंत रोज दोन सह्या, चाळीस गेलं. गुरुवारी चार सह्या, ऐंशी. काल आठ, एकशे साठ. दर सहीला वीस. ह्या उकाड्यात ओतता ओतताच उडतं, सर."

"मग ती सीलबंद बाटली? तिच्यातलं का नाही उडालं?"

"ती तुम्ही मोजली नाहीत."

सरांनी चष्मा पुसून आपल्या सह्या एकेक करून तपासल्या. सह्या खऱ्या होत्या. मग त्यांनी पत्र उचललं आणि फाडलं.

"पण मोजायला तर पाहिजेच," सर म्हणाले. "अर्बन, आजपासून तू मोजायचं. दिवसातून आठ वेळा. सही तुझी."

"होय, सर."

अर्बनने कपाट उघडलंच नाही. सरांनी सकाळी ओतताना आणखी वीस गेलं असणार, असा हिशोब करून त्याने एकशे वीस लिहिलं आणि सही केली. मग स्टुलावर बसून दिवसातून आठ वेळा तो एकशे वीस लिहीत राहिला. कधी चहाआधी, कधी चहानंतर. एकदा त्याने पुढच्या दोन दिवसांचंही लिहून टाकलं, कारण घरी लग्न होतं.

महिन्याभराने सरांनी स्वतः कपाट उघडून मोजलं. बरोबर एकशे वीस भरलं. त्यांनी मुद्दाम जयंतीला बोलावून घेतलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मन लावून मोजणारा माणूस असला, की एक थेंब जात नाही."