बरब्बाची तुळई

आमच्या चर्चच्या मंडळीच्या गुड फ्रायडेच्या नाटकात बरब्बा दर वर्षी मीच. पाळकसाहेब म्हणतात, "तुला रंगभूषा लागत नाही." येशूऐवजी सुटणाऱ्या या दरोडेखोरानं खदाखदा हसत निघून जायचं, एवढंच काम.

यंदा क्रुसाचं लाकूडही मीच दिलं. भर उपासनेत टाळ्या मिळाल्या. खरं तर ती शेजारच्या शांतवनची तुळई होती, गोठ्यासाठी ठेवलेली. मी ती लांबवून तिला काळा रंग फासला होता. आणि येशूचं काम नेमकं शांतवनकडंच आलं.

नाटकातल्या रोमी सुभेदार पिलातानं मला सोडलं. शांतवननं क्रूस खांद्यावर घेतला आणि त्याचा अंगठा एका खाचेवर थांबला. खाच त्यानंच पाडलेली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं हसायचं राहूनच गेलं, आणि जायचंही.

ते धूड ओढत त्यानं अख्ख्या मैदानाला चक्कर मारली. घाम मात्र मला फुटला.

क्रुसावर बांधल्यावर तो ठरलेलं बोलला, "बापा, यांना क्षमा कर. हे काय करतायत ते यांना कळत नाही." हात बांधलेले, म्हणून त्यानं हनुवटीनं मला दाखवलं. "ह्या बरब्बाला मात्र सगळं कळत होतं! तरी ह्यालाही कर!"

बायका रडल्या. पाळकसाहेब वहीत हा संवाद शोधत बसले. सगळ्यांत मोठं "आमेन" माझं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकट्यानं तुळई शांतवनच्या गोठ्यापाशी ओढत नेली. चोरताना ती एवढी जड लागली नव्हती.